भिंतीपलीकडची घरघर

आमचे डिंडोलीतले शेजारी काका ओरडूनच बोलतात. आयुष्य कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेलं. शांततेत त्यांना झोप येत नाही. मुलगा घरी बसून साड्यांची डिझाइनं करायचा, त्याला मात्र कॉम्प्युटरची घरघर सहन व्हायची नाही. मग काकांनी कॉम्प्युटरचा तो घरघरणारा डबा आपल्या खाटेखाली ओढला आणि भिंतीला भोक पाडून लांब केबली मुलाच्या टेबलापर्यंत नेल्या.

मुलगा पुण्याला गेला, मॉनिटर सोबत घेऊन गेला. केबली भोकातून लोंबत राहिल्या.

परवा भरदुपारी गेलो तर डबा चालूच.

"काका, आत्ता कुठे झोपताय? बंद करा की."

"ऱ्हाऊ दे भाऊ," काका एकदम हळू आवाजात म्हणाले. "आवाज चालू ऱ्हायला का पोऱ्या पलीकडे काम करी ऱ्हायला असं वाटस."