फळीवरची बाटली

आमच्या मंडळीत एक जानेवारीला साक्षी व्हायच्या. ज्याने त्याने देवळात उभे राहून, सरत्या वर्षी देवाने आपल्याला कसे सांभाळले ते सांगायचे. आर्वीकडच्या खेड्यातली तीस-पस्तीस ख्रिस्ती माणसांची मंडळी, त्यामुळे सगळ्यांच्या साक्षी सगळ्यांना पाठ. एक म्हातारी दरवर्षी विहिरीत पडून वाचल्याचे सांगे. मी लहान होतो तेव्हा त्या विहिरीत कमरेइतके पाणी होते. मी वर्ध्याला कॉलेजात गेलो तोवर ते दोन पुरुष खोल झाले होते.

सत्तावन्नच्या जानेवारीत मीही उभा राहिलो. माझ्या डोक्यात भुंगा सोडला होता होस्टेलवरच्या माझ्या मित्राने. आदल्या दसऱ्याला तो घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला होता. एकदा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "आमी विचार करून निवडला. तू कधी निवडला?" मी म्हणालो, मी जन्मतःच ख्रिस्ती आहे. तो म्हणाला, "मंग तुह्या बापानं निवडला असन." मला तीन दिवस नीट झोप लागली नाही. एकोणीस वर्षांच्या माणसाला एवढे पुरते.

तर मी उभा राहिलो आणि पुस्तकी मराठीत सांगितले की, मी प्रार्थना करतो तेव्हा पलीकडे कोणी ऐकत आहे असे मला वाटत नाही, आणि खोटे बोलण्यापेक्षा हे सांगून टाकलेले बरे. मी खाली बसलो तेव्हा शेजारी बसलेल्या विहिरीच्या म्हातारीने माझी पाठ थोपटली. "पुढच्या वर्षी चांगली देजो," ती म्हणाली.

बाबा दवाखान्यात कंपाउंडर होते आणि मंडळीचे पंच. घरी आल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "मले आधी काऊन नाई सांगतलं?" यावर मी जे बोललो ते आजही आठवले की लाज वाटते. मी म्हणालो, "तुम्हाला बाटल्या हलवण्यापलीकडे काय समजतं?"

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. मी शनिवारी एसटीने घरी आलो की आमचे बोलणे आईमार्फत चाले. "त्याले म्हणा जेवून घे." "त्यांना म्हण भूक नाही." आई कंटाळून शेजारी जाऊन बसली की बाबा अंगणातल्या कोंबडीला सांगत. आमच्याकडच्या कोंबडीला त्या दिवसांत माझी परीक्षा केव्हा आहे, धोब्याकडचे कपडे आले की नाही, सगळे ठाऊक होते.

हेही चालले असते. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे, म्हणजे येशूची आठवण म्हणून देवळातल्या टेबलावरच्या एकाच प्याल्यातून सगळ्यांनी घोट घ्यायचा, आणि त्याचा नियम पक्का होता. भावाशी भांडण असेल तर आधी त्याच्याशी समेट कर, मग ये. बहुतेक जण हा नियम ऐकत आणि प्याला घेत. बाबांनी तो मनावर घेतला. वीस वर्षे प्याला फिरवणारा माणूस जानेवारीत मागच्या बाकावर जाऊन बसला. फेब्रुवारीतही बसला, मार्चमध्येही. प्याल्यात द्राक्षारसाऐवजी असायचे ते मनुकांचे पाणी मात्र नेहमीप्रमाणे तेच करत. मनुका रात्रभर भिजवायच्या, उकळून गाळायच्या आणि ते पाणी औषधाच्या बाटलीत भरायचे. बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टीसुद्धा तशीच असे.

बाबांचा चेहरा उतरत चालला. मला ते सहन होईना. मी आईमार्फत निरोप दिला की, एकदा माफ केलं म्हणा आणि टाका मिटवून. उत्तर आले, "त्याले म्हणा, माहा राग अजून गेला नाई. टेबलापाशी जाऊन खोटं बोलू काय?"

खोटे बोलायला नको म्हणून मी देवळात उभा राहिलो होतो, आणि त्याच कारणासाठी हा माणूस मागे बसत होता. माझे सगळे वाचन तिथे लंगडे पडले.

एप्रिलच्या रविवारी सकाळी कोणाला तरी विंचू चावला म्हणून बाबांना दवाखान्यात बोलावणे आले. आई टेबलावरची चादर बदलायला आधीच देवळात गेली होती. बाबा चपला घालता घालता कोंबडीला म्हणाले, "फळीवरची बाटली देवळात गेली पाह्यजे," आणि निघून गेले.

फळीवर बाटल्या दोन होत्या. दोन्हीत तांबूस पाणी, दोन्हीवर कागदी पट्ट्या. घरच्या बाटल्यांवर बाबा नाव लिहीत नसत. घरात कोण चुकणार? हाक मारून विचारता आले असते. पण मग आधी मी बोललो असे झाले असते. मी जास्त भरलेली उचलली.

देवळात मी बाबांच्या जागेवर, मागच्या बाकावर बसलो. पाळकसाहेबांनी पहिला घोट घेतला. क्षणभर थांबले, डोळे मिटले, आणि प्याला पुढे दिला. रांगेने एकेक जण घोट घेई, डोळे मिटी. इतकी भक्ती मी आमच्या मंडळीत कधी पाहिली नव्हती. प्याला माझ्या शेजारच्या म्हातारीपर्यंत आला तेव्हा मला वास आला. औषधाचा.

वासावरून औषध एवढे कळले, पण पोटात घ्यायचे की वरून लावायचे? मी उठलो आणि पळत सुटलो. वाटेत चपला निसटल्या त्या तशाच टाकल्या. तोंडाने मोठ्याने सारखा बोलत होतो, देवा, कोणाला काही होऊ देऊ नको, सगळा दोष माझा. दवाखान्यात शिरलो आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा बापाशी बोललो. "बाबा, मी बाटली चुकलो."

बाबांनी विंचवाच्या रोग्याचा पाय खाली ठेवला. "कोणती नेली?"

"भरलेली."

"अडुळशाचा काढा हाय तो. खोकल्याचा." मग माझ्या अनवाणी पायांकडे पाहून म्हणाले, "काई होत नाई कोणाले. बस." मी बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. बाटल्यांबद्दल बोललो होतो त्याची माफी मागितली. बाबांनी मोजमापाच्या ग्लासात पाणी दिले. "वाटेनं काय बडबडत आला?"

"प्रार्थना करत होतो."

बाबांनी ग्लास परत घेतला आणि विसळला. कोणाला, असे विचारण्याची एवढी चांगली संधी त्यांनी सोडून दिली. मी असतो तर सोडली नसती.

घरून खरी बाटली घेऊन आम्ही देवळात पोचलो तेव्हा मंडळी शेवटच्या गीताचे पहिले कडवे तिसऱ्यांदा म्हणत होती. कोणीही बाकावरून हलले नव्हते. बाबा पुढे गेले आणि म्हणाले, "चूक माही. मी पोराशी बोललो असतो तं तुमाले अडुळसा प्यावा लागला नसता." पाळकसाहेब म्हणाले की, दुसऱ्यांदा घेऊ नये असे कुठे लिहिलेले नाही. म्हातारी म्हणाली, पहिलाच बरा होता, छाती मोकळी झाली.

बाबांनी घोट घेतला. मग प्याला हातात घेऊन एकेका बाकापाशी थांबत माझ्यापर्यंत आले. मी हळूच म्हणालो, "मला अजून शंका आहेत."

"शंका चालते," बाबा म्हणाले. "राग चालत नाई. तो माह्यापाशी होता."

मी घेतला. पाणी जरा जास्तच गोड झाले होते.

सोमवारी होस्टेलवर मित्राला सांगितले, तू विचारले होतेस ना कधी निवडला, तर काल निवडला. तो म्हणाला, "काल काय झालं?" मी म्हणालो, "काल बाबा बोलले."