पासवर्डाकडं पाठ फिरवणारे चाचा

नांदेडला लॅपटॉप दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. गिऱ्हाइकाच्या कीबोर्डला ते बोट लावत नाहीत. हात मागं बांधून आपल्याकडूनच सगळं करून घेतात. माझ्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स तसंच टाकलं. सिक्युअर बूट, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाची राखण, चालू ठेवलेलं, म्हणून पहिल्यांदा सुरू होताना निळा पडदा येणार, त्यात मी ठरवलेला पासवर्ड टाकला की वायफाय चालणार. एवढंच. पण मी नववीत शाळा सोडलेला, रेणापूरहून इथं येऊन लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून पोट भरणारा. पडद्यावरचं इंग्रजी बघून दोनदा भलतंच बटण दाबलं. वायफाय लागेना, फॉर्म बंद. तिसऱ्यांदा दुकान गाठलं, चाचांनी सांगितलं तसा तोच पडदा पुन्हा आणला.

"पडदा खातो काय तुला? टाक," म्हणत चाचांनी भिंतीकडं तोंड केलं.

मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाकलं. वायफाय लागलं! मी त्यांचे पाय धरायला वाकलो.

"पाय सोड. हाच पासवर्ड अजून कुठं हाय?"

"बँकेला, मेलला... सगळीकडंच, चाचा."

"या अल्लाह! बस इथंच. सगळे बदल. तोंड मिटून."

अन् ते स्वतःच्याच दुकानाबाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. त्याला अडवत म्हणाले, "थांबा जरा. आत साहेबांचं खाजगी काम चालू हाय."