फुलवंता हे नाव

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही — आणि तो तर त्या बाईचा सख्खा दीर!

माझ्या कादंबरीतली फुलवंता तुम्हाला आवडली. फोन केलेत, एका बाईला इतकं बारीक कसं आठवतं म्हणून विचारलंत. खरं सांगू? आठवतं ते माझ्या मोठ्या जाऊबाईंना. रोवणीच्या दिवसांत आम्ही दोघी चिखलात वाकून धान रोवायचो आणि त्या बोलत राहायच्या — नवेगाव बांधचं माहेर, वाळत घातलेले मासे, आईच्या लुगड्याचा काठ नेमका कुठं फाटला होता तेसुद्धा. मी थक्क व्हायचे. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या डोक्यात एवढं सगळं मावतं तरी कसं?

एकदा म्हणाल्या, "लग्नात ताटातल्या तांदळावर नवरदेवानं सुनंदा लिहिलं वं. पयले मी फुलवंता होती. आता त्या नावानं हाक माराले कोनी नाही उरलं."

आठवणी मी उचलल्या त्या उचलल्याच — ते नावही उचललं. विचारलं का? नाही.

अर्जुनी मोरगावला माझा सत्कार झाला, तेव्हा त्यांना मी पहिल्या रांगेत बसवलं. एका बाईनं माइकवरून उतारा वाचला, "फुलवंता! अगं फुलवंता, घरी ये!" — आणि जाऊबाई उठून उभ्या राहिल्या. साठीची बाई, पदर सावरत, खरंच कुणी बोलावल्यासारखी! इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, हे नाव कुठून आणलं?

जाऊबाई माझ्याकडंच बघत होत्या. आणि मी — मी म्हणाले, "असंच सुचलं. ही बाई सगळी कल्पनेतली आहे."

त्या हळूच खाली बसल्या.

परतताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत राहिले. बोलणं त्यांनीच काढलं. "काऊन चूप बसली वं? आयक, माह्या आईच्या मरनाचं तुले सांगाचं राहिलं होतं." माझा हात धरून सगळं सांगितलं. एवढं मोठं मन मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

माझी दुसरी कादंबरी त्याच मरणावर आहे. ते मला कुणी सांगितलं, हे त्यातही मी कुठं लिहिलेलं नाही.