कच्च्या लिंबाचे रविवार

“तिची गोटी नको मारू बे. पह्यल्या वेळेसारखी उठून जाईन.”

“मले मालूम नाही काय? कच्चा लिंबू हाय ते आपला.”

मी स्वयंपाकघराच्या दाराशी होते, हातात संत्र्यांच्या सालींची ताटली. आत चहा उकळत होता, त्यामुळे आतल्या तिघांना माझी चाहूल लागली नाही. मी तशीच मागे फिरले, बाहेर सतरंजीवर माझ्या जागी येऊन बसले आणि ताटली शेजारी ठेवली.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही चौघं लुडो खेळतो. नावांऐवजी गावानं हाक मारायची पद्धत तिथे आधीपासूनच होती. घर भाड्याचं, दोघी मैत्रिणींचं. एक भातकुलीची, ती ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. दुसरी शेंदूरजनाघाटची, हंगामात तिच्या घरून संत्र्यांची पोती येतात. तिसरा दर्यापूर, आमच्याच ऑफिसातला. मी अकोला.

“चौथा भिडू नाही आम्हाले, येतेस का?” असं भातकुलीनं विचारलं तेव्हा अमरावतीत येऊन मला पाच महिने झाले होते. तोवर माझे रविवार राजापेठेजवळच्या खोलीत कपडे वाळत घालून आणि आईच्या फोनची वाट पाहून संपत. त्यांना भिडू हवा होता, मी हवी होते असं नाही, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी त्या दिवशी दोनदा ड्रेस बदलला.

पुठ्ठ्याचा जुना पट, मागच्या बाजूला सापशिडी. हिरव्या रंगाची एक गोटी हरवलेली, तिच्या जागी शर्टाचं हिरवं बटण. हिरवा रंग माझा.

पहिल्याच रविवारी ते बटण घराजवळ आलेलं असताना दर्यापूरनं मारलं. “जा अकोला, स्टँडवर उभी राह्य!” तो ओरडला आणि तिघं एकदम हसले. मला राग आला नव्हता. त्यांच्याबरोबर हसायचं होतं, पण हसू वेळेवर आलं नाही. आलं तेव्हा ते थांबले होते. मग चेहऱ्याचं काय करायचं ते सुचेना. उद्या लवकर उठायचंय असं काहीतरी मी बोलले, तेही अर्धं इंग्रजीत, आणि चपला घातल्या. रस्त्यावर आल्यावर मोबाईल पाहिला, साडेसातच वाजले होते.

पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी जिंकले. त्यानंतर जवळजवळ दरवेळी पहिला नाहीतर दुसरा नंबर माझा. आईला फोनवर सांगायला माझ्याकडे काहीतरी असू लागलं. “आजही जिंकले,” मी म्हणायची. आई म्हणायची, “चांगलं झालं बाई, मंडळी भेटली तुला.” मग ती बाबांना मोठ्यानं सांगायची, आणि अकोल्याच्या त्या घरात माझं जिंकणं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलेलं मला ऐकू यायचं.

लहानपणी आमच्या गल्लीत पोरं पकडापकडी खेळायची तेव्हा मी ट्यूशनची वही मांडीवर घेऊन गॅलरीतून बघायची. कुणाचा तरी चार वर्षांचा भाऊ मध्ये मध्ये पळायचा. तो कच्चा लिंबू. त्याला कुणी धरलं तरी त्याच्यावर राज्य येत नसे. तो मात्र जीव तोडून पळायचा आणि कुणाच्याच हाती लागलो नाही म्हणून टाळ्या वाजवायचा. मला वरून सगळं दिसायचं.

चहा आला. “अवं, साली टाकाले गेली होती ना तू?” भातकुलीनं ताटलीकडे पाहून विचारलं.

“राहिल्या,” मी म्हटलं.

खेळ पुन्हा सुरू झाला. आता मी फासा पाहत नव्हते, त्यांची बोटं पाहत होते. शेंदूरजनानं भातकुलीची गोटी मारली. “काहून मारली बे? मांगची नव्हती का चालाले?” “मंग काय आरती करू तुई?” भातकुलीनं तिला संत्र्याची साल फेकून मारली. त्यानंतर शेंदूरजनाला तीन पडले. तिच्या एका पिवळ्या गोटीपुढे तिसऱ्या घरात माझी गोटी होती. तिचं बोट त्या गोटीवर टेकलं, थांबलं, आणि तिनं दुसरीच गोटी सरकवली. कुणी काही बोललं नाही. फक्त माझ्यापाशी आलं की खोली अशी शांत व्हायची. इतके रविवार मी ती शांतता माझं नशीब समजत होते.

उठून जावंसं वाटलं. पण पुन्हा उठून गेले, तर ते आत जे बोलले तेच खरं ठरणार होतं. आणि जिंकले, तर रात्री आईला सांगावं लागणार होतं.

हिरवं बटण घरात वळायला दोन घरं उरली होती. त्याच्या मागे चार घरांवर दर्यापूरची लाल गोटी. त्यानं फासा हातात खुळखुळवला, फुंकर मारली, टाकला. चार.

त्यानं पट पाहिला. मग भातकुलीकडे पाहिलं, अगदी क्षणभर. आणि हात लांब करून पटाच्या दुसऱ्या टोकाची गोटी उचलली.

“ती नाही,” मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यानं “हं?” केलं.

“काही नाही अकोला, हेच बरी हाय,” तो म्हणाला. तो मला समजावत होता, लहान मुलाला समजावतात तसा. एरवी तिघं एकमेकांना उठता-बसता ‘बे’ म्हणायचे, मला कधीच नाही. मी बटणामागची लाल गोटी उचलून त्याच्या हातात दिली.

“चार पडले ना तुले?” मी म्हटलं. “मंग मार ना बे माझी.”