चुकीच्या तारेवरचं बटण

माझ्या थोरल्या मुलीला आमच्या वसाहतीत सगळे ‘अंधारवाली’ म्हणतात. विजेचं बिल जास्त येतं म्हणून कुणी बोलावलं, की ती आधी घरातलं एकूण एक बटण बंद करते आणि मीटरसमोर स्टूल टाकून बसते. मीटरवरचा तांबडा दिवा किती लुकलुकतो ते पाहते. मग एकेक वस्तू चालू करायची आणि लुकलुकणं मोजायचं. चोर सापडतोच. कुठे फ्रिजच्या दाराचं रबर फाटलेलं असतं, कुठे पाण्याची मोटर उगाच फिरत असते. पदविका घेऊन तिने ऑफिसातली खुर्ची धरावी, असं मला वाटायचं. “खुर्चीत माझे पाय झोपतील गं आई,” म्हणायची. ती बाहेर पडली की माझा जीव टांगणीला. पण भीती मला विजेची होती. माणसांचा विचारच केला नव्हता.

त्या दुपारी तिला एका लेथवाल्याने बोलावलं. कारखान्यात लेथ चालवणारा, दणकट माणूस. बायको घरी शिवणकाम करायची. मागचं बिल आलं तेव्हा त्याने तिच्या मशीनची मोटर उपटून जिन्यावरून फेकली होती, आणि आडवी आली म्हणून तिचं डोकं चौकटीवर आपटलं होतं. सहा टाके. थोरलीला यातलं काही ठाऊक नव्हतं. दार उघडणाऱ्या बाईच्या कपाळावरची खूण तेवढी तिने पाहिली.

“हिने काय काय चालू ठेवलंय ते शोधून दे,” तो म्हणाला. “दिवसभर लोळते, आणि भरतो मी.”

“आधी बघू तर द्या, काका.”

घरातलं सगळं बंद झालं, तरी दिवा लुकलुकतच राहिला. थोरलीने एकेक फ्यूज काढत नेला. बाथरूमचा काढला तसा दिवा लुकलुकायचा थांबला.

“काकू, नळाला हात लावला की मुंग्या येतात का?”

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो हसला. “वर्षभर हेच नाटक! म्हणे नळ चावतो. कामाचा कंटाळा, दुसरं काय?”

थोरलीने फ्यूज परत बसवून नळाला टेस्टर टेकवला. तो पेटला.

“गिझर कुणी बसवला?”

“मी. दोन तारा जोडायला काय अक्कल लागते?”

“बटण चुकीच्या तारेवर घातलंय. येणारी तार तोडायची, ते सोडून परतीची तोडलीत. त्यामुळे बटण बंद केलं तरी गिझर आतून जिवंतच राहतो. त्याची कॉइल फुटलीय. वीज पाइपातून भिंतीत मुरतेय, चोवीस तास. तुमचं बिल हेच आहे, काका. आणि अशी गळती झाली की आपोआप पडणारा स्विच कुठाय?”

“सारखा पडायचा. काढून टाकला.”

“काकूंना वाचवायला पडत होता तो.”

बाई म्हणाली, “म्हणजे मी नव्हते.”

एवढंच. त्याने तिच्या तोंडावर असा हात मारला की ती ओट्यावर जाऊन आदळली. ओठ फुटला. त्याने केस धरून तिला पुन्हा उभी केली. थोरली मधे घुसली, “सोडा त्यांना!” त्याने कोनाड्यातला लोखंडी पाना उचलला आणि तिच्या उजव्या मनगटावर घातला. ती खाली बसली, तर पुन्हा तिथेच घातला. हाड मोडताना वाळक्या काटकीसारखं वाजत नाही, ओल्या फांदीसारखं वाजतं, असं तिने मला नंतर सांगितलं. आईला असलं सांगू नये.

“मला शिकवता दोघी? चावतो काय? बघू, कसा चावतो!” म्हणत तो नेहमीच्या रबरी चपला काढून बाथरूमच्या ओल्या फरशीवर अनवाणी गेला आणि त्याने मुठीत नळ धरला.

मूठ सुटेना. अंग ताठ झालं, दात आपटायला लागले, जीभ चावली जाऊन हनुवटीवर रक्त आलं.

“काकू, त्यांना शिवू नका! मेन बंद करा! मेन!” थोरली फरशीवरून ओरडली.

बाई मेन स्विचखालीच उभी होती. ती नवऱ्याकडे पाहत राहिली. थोरली म्हणते दोन सेकंद. मला वाटतं, जास्तच असतील. मग तिने दांडी खाली ओढली. तो बादलीवर कोसळला.

दवाखान्यात मी पोहोचले तेव्हा थोरलीच्या हाताला प्लास्टर घालणं चाललं होतं. हवालदार वही उघडून उभा होता. तळव्याला पट्टी बांधलेला तो बायकोच्या कानाशी पुटपुटत होता, “चल घरी. दोघी जिन्यावरून पडलात म्हण. बिलाचं नाव काढणार नाही आता.”

“काय झालं, बाई?” हवालदाराने विचारलं.

ती नवऱ्याला वळसा घालून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. “लिहून घ्या,” ती म्हणाली. “याने मारलं. हिला आज पान्याने. मला वर्षभर, जे हाताला लागेल त्याने.” सुजलेल्या ओठामुळे शब्द नीट येईनात, तर तिने ते परत एकदा सांगितले. मग मला विचारलं, “मावशी, आज कुठे झोपू?”

ती अजून आमच्याकडेच आहे. जामिनावर सुटल्यावर तो दोनदा येऊन दार बडवून गेला. मी दाराला दुसरी कडी बसवून घेतली आहे.