नळाला पाणी येते

काल्हेरच्या एका बिल्डरच्या ऑफिसात मी फ्लॅटच्या जाहिरातीचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज लिहिते. माझ्या आधीचा माणूस 'प्रीमियम लाइफस्टाइल', 'वर्ल्ड क्लास अ‍ॅमेनिटीज' असलं काहीतरी लिहायचा. शेठ इथलेच, बापजाद्यांच्या भातशेतीवर इमारती उभ्या केलेले. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "लोकांना ह्यातलं कायपन कलत न्हाय. माझ्या आयेला कलंल असं लिही."

त्यांची आई मी कुठून आणू? माझी घेतली. सकाळी टेमघरच्या घरी ती भाजी निवडत बसली की मी मेसेज मोठ्यानं वाचायची. जिथं ती "म्हणजे काय गं?" म्हणेल, तो शब्द कापायचा. शेवटी उरलं ते एवढंच: दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. लिफ्ट आहे. रिक्षा दारापर्यंत येते. नळाला पाणी येते.

फोन थांबेनात. मीही शेफारले.

पालिकेची पाण्याची लाइन आम्ही विकत असलेल्या इमारतीपर्यंत पोचलेलीच नाही, हे मला दोन महिन्यांनी कळलं. टँकर टाकी भरतो आणि टाकीतून पाणी नळाला येतं. टँकर चुकला की लिफ्टमधून बादल्या. मी शेठना म्हटलं, टँकरचंही लिहू या.

"नलाला पानी येतं का न्हाय?" ते म्हणाले. "मंग खोटं काय हाय त्यात?"

खोटं काहीच नव्हतं, आणि तेच मला गिळता येईना. आधीच्या माणसाच्या भपक्यावर निदान कुणी विश्वास तरी ठेवत नव्हतं. माझ्या साध्या वाक्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत होते. नोकरी सोडावी म्हटलं, तर नवऱ्यापासून वेगळी झालेली मी, मुलगी पाचवीत, आणि जवळपास दुसरं काम म्हणजे गोडाउनमधली शिफ्ट. इकडे आड, तिकडे विहीर. मला शेठचा राग यायचा, त्याहून जास्त माझा.

तेवढ्यात आईनं मेसेज परस्पर बाईंना पाठवला. बाईंनी मला तिसरीत शिकवलं. आता निवृत्त, एकट्या, दोन्ही गुडघे गेलेले. चाळीत खालून पाणी भरायचं म्हणून त्यांना घर बदलायचं होतं. दुसरं कारणच नव्हतं. शनिवारी त्या थेट ऑफिसात आल्या. समोर बुकिंगचा फॉर्म, आणि शेजारच्या टेबलावर शेठ.

"खरं सांग गं बाळा," बाई म्हणाल्या, "पाणी रोज येईल ना? मला आता बादली उचलवत नाही."

टँकर आहे. दोनच शब्द होते. ते माझ्या ओठांवर आले होते. शेठनी मान वर केली.

"बाई, म्युनिसिपल कनेक्शनचं अ‍ॅप्लिकेशन प्रोसेसमध्ये आहे," मी म्हणाले. "सध्या इंटरिम सप्लाय अ‍ॅरेंजमेंट आहे."

बाईंनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. त्यातलं त्यांना अक्षर कळलं नव्हतं.

"तू आहेस म्हणजे झालं," त्या म्हणाल्या, आणि सही करायला माझ्याकडे पेन मागितलं. मी दिलं.