पंचवीस मिनिटांचा सरळ रस्ता

"आणि डोळ्याचं काय?"

"चालायला पाय लागतात."

"आणि खड्डा दिसायला? पाय वटारून बघणार आहात खड्ड्याकडे?"

"एक डोळा आहे ना अजून शाबूत! आणि सत्तावीस वर्षं त्याच रस्त्याने गेलोय मी. कुठे काय आहे ते झोपेत सांगेन."

"गेलात म्हणजे बसून गेलात. खाली गादी, समोर काच, हातात चाक. चाललात कधी? कोपऱ्यावरच्या दुकानातून साबण आणायला सांगितला तर रिक्षा बघता!"

बायको भांडत होती आणि भांडता भांडता त्याच्या पिशवीत मोज्यांचे गोळे कोंबत होती. तिचं नेहमीच असं. तोंड एकीकडे, हात दुसरीकडे. तो दारात पायरीवर बसून बुटांच्या नाड्या आवळत होता. नवे कोरे बूट, दाबले तर करकरत होते.

डेपोत त्याला सगळे टायमिंगकाका म्हणायचे. तोंडावर काका, पाठीमागे नुसतं टायमिंग. सहा तीस म्हणजे सहा तीस. दार बंद, गिअर टाकला, गाडी हलली. कोणी हात हलवत पळत आलं तर ते आरशात दिसायचं, लहान लहान होत जायचं. पाच तास दहा मिनिटांचा तो पल्ला त्याने पाच तास दहा मिनिटांतच कापला, रोज. मग निवृत्तीला आठ महिने उरलेले असताना डोळ्यांची तपासणी झाली, डावा डोळा नापास झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला चाकावरून उठवून स्टोअरमध्ये नटबोल्ट द्यायला बसवलं. शेवटची फेरी अशी झालीच नाही. ज्या फेरीला ती शेवटची आहे हेच ठाऊक नव्हतं, तिला शेवटची कसं म्हणायचं?

म्हणून त्याला तो रस्ता एकदा पुरा करायचा होता. चाक मिळणार नव्हतं, मग पायी. एकशे अडुसष्ट किलोमीटर, आठ दिवस.

बायकोच्या डोक्यात वेगळंच होतं. तिच्या दादाचं हार्डवेअरचं दुकान होतं आणि गल्ल्यामागची खुर्ची रिकामी होती.

"सावलीत बसायचं, पंख्याखाली. दादा स्वतःहून म्हणतोय."

"आठ महिने नटबोल्ट दिलेत मी लोकांना. आता उरलेलं आयुष्य पण तेच?"

"मग ठरवा ना. चालत पोचलात, तर मी दुकानाचं नाव काढणार नाही. पण एकदा जरी कुठल्या गाडीत पाय ठेवलात, तर सोमवारी खुर्चीवर. कबूल?"

"कबूल."

"डबा घ्या. अंडी आधी खा, नाहीतर पिशवीभर वास मारेल."

त्याच्याजवळ पुठ्ठ्यावर लिहिलेलं वेळापत्रक होतं, सुबक अक्षरात. आणि गंमत त्या पुठ्ठ्यातच होती. चालक रस्ता किलोमीटरमध्ये ओळखत नाही, मिनिटांत ओळखतो. पूल ते चौकी नऊ मिनिटं, चौकी ते घाट बावीस. त्याने काय केलं, तर प्रत्येक मिनिटाला आठने गुणलं. बसला एक, तर आपल्याला आठ. झालं वेळापत्रक.

चौथ्या दिवशी घाटात हे प्रकरण त्याच्या पथ्यावर पडलं. बस घाट चढायची दुसऱ्या गिअरमध्ये, कण्हत, पन्नास मिनिटं. पुठ्ठा सांगत होता सहा तास चाळीस मिनिटं. टायमिंगकाका चार तासांत माथ्यावर! तिथूनच त्याने घरी फोन लावला.

"दोन तास चाळीस मिनिटं आधी पोचलो. ऐकतेस?"

"ऐकतेय. फार उड्या मारू नका."

घाट उतरल्यावर शेवटच्या वळणाला लागून एका न्हाव्याचं दुकान होतं. पुढच्या सकाळी तिथे तो पाणी मागायला थांबला. न्हाव्याने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"दोन छोटे, एक मोठा. तुम्हीच ना?"

"काय?"

"हॉर्न हो! दोन छोटे, एक मोठा, साडेनऊच्या ठोक्याला. तुमची गाडी वळली की माझं अख्खं दुकान हादरायचं. मी गिऱ्हाईकाच्या गळ्यावरून वस्तरा उचलून धरायचो. वीस वर्षं उचललाय! आता तो नवा येतो कधी नऊ चाळीसला, कधी दहाला. बसा म्हणावं तर गिऱ्हाईक आधी विचारतं, बस गेली का?"

"म्हणजे माझ्यामुळे..."

"तुमच्यामुळे एकाचाही गळा कापला गेला नाही. बसा. दाढी वाढलीय."

त्याने दाढी केली, मान चोळून दिली, चहा पाजला, आणि खिशाकडे हात जाताच हातावर टॉवेल मारला. दुकानातून निघेपर्यंत दहा वाजले. टायमिंगकाका निवांत होता. पुढे होता फक्त सरळ रस्ता. बस तिथे ताशी साठने पळायची, एकच गिअर, पंचवीस मिनिटं. त्याच्या लेखी तो रस्ताच नव्हता. तिथे तो घरच्या गोष्टींचा विचार करायचा. पुठ्ठा म्हणत होता तीन तास वीस मिनिटं. एक बाटली पाणी पुष्कळ झालं.

पंचवीस मिनिटं म्हणजे पंचवीस किलोमीटर, हे त्याला दुपारी दीड वाजता कळलं. पुठ्ठ्याप्रमाणे तो पोचून दहा मिनिटं झाली होती. रस्त्याकडेचा दगड सांगत होता: अजून बारा. एक झाड नाही. बाटली उताणी. उजव्या टाचेचा फोड फुटून मोजा चिकटला होता. तो त्या दगडावरच बसला, बूट काढले आणि पायाकडे पाहायचं टाळलं.

अर्ध्या तासाने समोरून एक गाडी आली. डावीकडचा दिवा जरा तिरका, टपावर पोचा. त्याचीच गाडी. परत निघालेली, त्याच्या घराच्या दिशेने. ती त्याच्यापाशी येऊन हळू झाली आणि थांबली.

"काका!" खिडकीतून तिशीतला नवा चालक ओरडला. "तुम्ही इथे काय करताय? चढा, घरी सोडतो!"

टायमिंगकाका ताडकन उठला, अनवाणीच. "थांबा आहे का इथे?"

"नाही, पण..."

"मग गाडी का थांबवली? थांबा नसताना गाडी उभी करायची नाही, शिकवलं नाही का कोणी?"

"काका, पाय बघा तुमचे!"

दार उघडं होतं. आत गार सावली दिसत होती. आणि चालकामागची पहिली सीट, खिडकीची, रिकामी. सहज चढता आलं असतं. तिन्हीसांजेला घरी. सोमवारी खुर्ची. पंखा. त्याने दांड्याला हात लावला, मग असा काढला जणू तापला होता.

"मी चढलो तर चालणं मोडलं. पैज आहे बायकोशी."

कंडक्टर बाई पायरीवर आली, कमरेवर हात ठेवून. मागे वळून साऱ्या बसला ऐकू जाईल अशी म्हणाली, "ऐका हो! काका चालत निघालेत, गाडीत येणार नाहीत म्हणतात. बायकोशी पैज आहे. कोणाकडे काय आहे ते काढा!"

"बायकोशी पैज लावायची नसते," मागून कोणीतरी म्हणालं. "हरलो तर हरतोच, जिंकलो तरी हरतो."

"तुम्ही गप्प बसा, बाटली द्या ती!"

आणि खिडक्यांमधून हात बाहेर येऊ लागले. पाण्याच्या दोन बाटल्या. अर्धा पाव, कागदात. दवाखान्यातून परतणाऱ्या एका बाईने पट्टी नि मलमाची ट्यूब दिली आणि वरून बजावलं, "आधी धुवा, मग लावा, उलटं करू नका." एका म्हाताऱ्याने पायातल्या रबरी चपला काढून खाली टाकल्या.

"अहो, तुम्ही काय घालणार?"

"मला दारातच उतरायचंय. घ्या."

शेवटी एक छत्री आली, निळी, फुलाफुलांची.

"ही परत कशी करू?"

"नका करू!"

टायमिंगकाका दोन्ही हात पसरून उभा होता. या खिडक्यांमागे त्याने कधी वळून पाहिलं नव्हतं. आरशात लहान होत जाणारी ती माणसं याच चेहऱ्यांची असणार. त्याने छत्री काखेत मारली आणि तो खेकसला, "चार मिनिटं झाली! निघा आता!"

चालकाने जाता जाता हॉर्न दिला. दोन छोटे, एक मोठा. अगदीच काही वाईट नव्हता मुलगा.

त्याने पुठ्ठा फाडून टाकला. पुढचे दिवस दगड वाचत आणि लोकांना विचारत गेले. विचारलं की लोक नुसतं उत्तर देत नाहीत, चार पावलं सोबत येतात, हे त्याला नव्याने कळलं. रोपवाटिकेतल्या एका बाईने पडवी दिली, एका पंक्चरवाल्याने चपलेचा पट्टा शिवून दिला. नवव्या दिवशी सकाळी, एक दिवस उशिराने, फुलाफुलांच्या छत्रीखाली तो शेवटच्या स्टँडच्या फाटकातून आत शिरला. जिथे गाडी लावायचा, त्या खुणेवर जाऊन उभा राहिला. थोडा वेळ. मग हसला.

"एक दिवस उशीर," बाकावरून आवाज आला. बायको! मांडीवर पिशवी घेऊन बसली होती.

"तू कधी आलीस?"

"काल. तुम्ही कधी उशीर करता का? वेटिंग रूममध्ये रात्र काढली. पाय दाखवा." तिने पाय पाहिले, जीभ टाळ्याला लावून च्च केलं. "दादाला सांगितलंय मी. दुसरा माणूस बघ म्हटलं त्याला."

"पण मी पोचलो तर आज!"

"त्या कंडक्टर बाईने डेपोतून नंबर काढून फोन केला होता. काकांनी गाडी परत पाठवली म्हणाली. तेव्हाच सांगितलं. चला, बस लागलीय. पुढच्या दोन जागा धरल्यात."

तो हलला नाही. फाटकाकडे बघत राहिला.

"अहो, जिंकलात. आता काय? सोमवारपासून घरात बसून करणार काय तुम्ही? माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटणार?"

"गाडी फाटकातून बाहेर पडली की डावीकडे वळते," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षं डावीकडे वळलोय. उजवीकडे रस्ता जातो, तो कुठे जातो ते मला माहीतच नाही."

"मग?"

"मग काही नाही. बघायचा म्हणतो. पहिल्या गावापर्यंत तरी. येतेस?"

मागे बसचं इंजिन सुरू झालं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या चपलांकडे पाहिलं, मग स्वतःच्या. पिशवी खांद्याला अडकवली, त्याच्या हातातली छत्री काढून घेऊन उघडली, आणि फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळली.